नऊ मिनिटं सेहेचाळीस

१७ फेब्रुवारी, सोमवार

केस अजून ओले आहेत आणि मी लिहायला बसले आहे. अम्मा एकदा टॉवेल ठेवून गेली, एकदा तो तसाच पडलेला बघून गेली.

ही वही मराठीत लिहायची ठरवली. आमच्या घरात देवनागरी वाचणारे अप्पा एकटे, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. अम्मा मराठी बोलते, पण इथे तमिळ मुलखात शिकल्यामुळे वाचते तमिळ. म्हणजे वही उघडी टाकली तरी ती बंदच. दम्यामुळे आठवीपर्यंत मी शाळेत गेले नाही. ही अक्षरं अप्पांनीच घरी पाटीवर शिकवली. त्यांच्याच अक्षरांत त्यांच्यापासून लपवायचं लिहिते आहे, हे पहिल्या पानावर नोंदवून ठेवते.

आज परीक्षा होती. त्रिचीला दहा दिवसांचं शिबिर आहे, जीवरक्षक आणि शिक्षिका होण्याचं. आमच्या पोहण्याच्या तलावाच्या मालकांना त्यासाठी एक बाई पाठवायची आहे. उन्हाळ्यात मुलींचा वर्ग काढायचा तर पाण्याकडे तोंड करून उभी राहणारी कोणी तरी हवी. आत्ता ती नाही. सकाळी सहा ते सात बायकांची वेळ असते आणि शिकवायला मणी सार. चार वर्षांपूर्वी ही वेळ सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या गंगाबाईंनी अट घातली, की सार असोत, पण तोंड भिंतीकडे. तेव्हापासून सारांची निळी खुर्ची पंपघराच्या भिंतीकडे वळलेली आहे. ते भिंतीला सूचना देतात, त्या आम्ही पाळतो. घड्याळ बघून आपापली वेळ आम्ही पाण्यातून ओरडतो, ते वहीत लिहितात. चार वर्षांत ते एकदाही वळलेले नाहीत.

अट होती चारशे मीटर दहा मिनिटांच्या आत. जागा एक. आमच्यात त्या लायकीच्या दोघी, मी आणि साईप्रिया.

माझे पाय बुडतात. म्हणून मी सराव पुल बॉय लावून करते. दोन लहान भोपळे शेजारी चिकटवावेत तसा पिवळा फोमचा तुकडा असतो तो. मांड्यांत धरला की पाय आपोआप वर राहतात, हलवावेही लागत नाहीत. सगळं काम हातांचं. हात तयार व्हावेत म्हणून वापरायची ती वस्तू. परीक्षेत ती चालत नाही. हे मला ठाऊक होतं.

अंग गरम करायला दोनशे मीटर तो लावून पोहले, आणि सारांनी "सुरू" म्हटलं तेव्हा काढायचा राहिला.

नाही. हे खरं नाही, पुन्हा लिहिते. पहिल्या पंचवीस मीटरला राहिला. भिंतीशी वळताना तो जाणवला. तिथे काढून काठावर टाकता आला असता. पंधरा फेऱ्या उरल्या होत्या. मी मांड्या आणखी आवळल्या.

"नऊ सेहेचाळीस," मी ओरडले.

सार भिंतीला म्हणाले, "सगळं सरळ ना, पाप्पा?" पाप्पा म्हणजे पोरी; ते सगळ्यांनाच म्हणतात.

"हो, सार."

साईप्रियाचे नऊ अठ्ठावन्न झाले. तिला त्यांनी "सगळं सरळ ना" विचारलं का, ते मला आठवत नाही.

वर येताना पुल बॉय टॉवेलमध्ये गुंडाळला. आता तो माझ्या पिशवीत आहे आणि पिशवी दाराआड.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्याच्याशिवाय चारशे केले. अकरा बत्तीस. कोणाला सांगितले नाहीत, कोणी विचारलेही नाहीत.

मग सारांकडे गेले. ओल्या कपड्यांत खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये जाऊन उभं राहणं होत नाही, म्हणून सारांशी बोलायचं ते त्यांच्या पाठीशी. त्यांच्या मानेवर एक जुना व्रण आहे. त्याच्याकडे बघत मी म्हणाले, "सार, एक सांगायचं होतं."

"सांग, पाप्पा."

"फॉर्म कधी भरायचा?"

त्यांनी मांडीवरची वही मिटली. मग म्हणाले, "घाई नाही. पाच एप्रिलपर्यंत आहे."

घरी येताना मी स्वतःला सांगत होते, की प्रश्न विचारणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साईप्रियानं मुगाच्या डाळीचा अशोका हलवा आणला, केळीच्या पानात बांधून. ती तिरुवैयारूची, पहिल्या बसनं येते. पोहून झालं की तशीच साडीच्या दुकानात जाते, तिथे रात्री नऊपर्यंत उभी. दुकानात मुलींना बसायला स्टूल नाही. तिच्या आजीची मराठी तिला सगळी कळते. बोलायला गेली की तमिळ येते.

"घ्या अक्का, शिबिराला जाणार ना. हॉस्टेलचा रव्याचा उपमा दहा दिवसांत संपत नाही म्हणे. आतापासून खाऊन ठेवा."

"तुझे नऊ अठ्ठावन्न होते," मी म्हणाले. काय म्हणून म्हणाले कोण जाणे.

"तुमचे सेहेचाळीस."

"बारा सेकंद म्हणजे काहीच नाही."

"दुकानात बारा सेकंद खाली बसले तर मॅनेजर येतो." ती हसली. "मला मिळालं असतं तर उभं राहणंच राहिलं असतं, पण निदान पाण्याजवळ. जाऊ दे. तुम्हाला माणूस ओढून न्यायचा सराव लागेल ना? मी बुडते. मला छान बुडता येतं."

हलवा मी खाल्ला. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

एक गोष्ट इथे लिहिते, सबब म्हणून नाही. अप्पांच्या शाळेत मी एकटीच होते. पहिली मीच, शेवटची मीच. नऊ सेहेचाळीस हा माझा पहिला आकडा आहे ज्याच्या खाली दुसऱ्या कोणाचा आकडा आहे.

२ मार्च, रविवार

तलाव बंद. जेवताना अप्पांना जुनं आठवत होतं. पानावर डांगर पचडी होती, दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची, म्हणून खुशीत होते.

"अम्मा गणिताच्या पुस्तकातली उत्तरांची पानं फाडून ठेवा म्हणायची," ते म्हणाले. "मी म्हणायचो, राहू देत. हिला गणित देऊन, हिच्याकडे पाठ करून, मी कॉफीला आत जायचो. एकदा बाहेर आलो तर उत्तर बरोबर आणि पायऱ्या भलत्याच. तीन मजुरांचं काम हिनं अडीच मजुरांकडून करवलं होतं."

अम्मा हसली. मी पचडी बोटानं पानाच्या कडेला सारली.

"मग रागावला नाहीत कां?" मी विचारलं.

"रागावलो असतो तर पुढच्या खेपेला तू पायऱ्याही चोरल्या असत्यास. मी म्हटलं, बरं. आणि थांबलो. दोन दिवसांनी आपण होऊन सांगितलंस की."

मला सांगितल्याचं आठवत नाही. पान उलटल्याचं आठवतं. अप्पांच्या आठवणीत मी आहे त्याहून बरी आहे.

सारांनी अजून फॉर्म भरलेला नाही. विसरले असतील. वय झालंय त्यांचं.

९ मार्च, रविवार

आठवडाभर फळी धरून नुसते पाय मारायचा सराव केला. सगळ्या निघाल्यावर शेवटची दहा मिनिटं, कडेच्या लेनमध्ये. पंचवीस मीटरला एक मिनिट वीस सेकंद. दोनदा पोटरीत गोळा आला.

मनात हिशेब असा की, पाच एप्रिलच्या आत पुल बॉय न लावता दहा मिनिटांत आले, तर आकडा खरा होईल. मागून खरा झालेला आकडा खरा असतो का, हे अप्पांना विचारायचं मनात आलं. विचारलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आज माणूस ओढायचा सराव. पाठीवर पोहायचं, बुडणाऱ्याच्या हनुवटीखाली हात धरून त्याचं तोंड पाण्यावर ठेवायचं आणि काठापर्यंत न्यायचं. मला हे आधी का सुचलं नाही? यात हात अडकलेले असतात. जायचं ते सगळं पायांनी.

साईप्रिया डोळे मिटून पाण्यात पडली. मी तिला धरलं, पाय मारले, आणि आम्ही दोघी जिथल्या तिथे खाली जाऊ लागलो. नाकात पाणी गेलं. तीच मला धरून कडेला घेऊन आली.

"अक्का, मी बुडणारी," ती खोकत हसत म्हणाली. "तुम्ही कशाला माझं काम घेता?"

बाकावर गंगाबाई मोगरा ओवत होत्या. त्यांची नात हरिणी, अकरा वर्षांची, उथळ बाजूला असते. "काय ग शांभवी," त्या म्हणाल्या, "कोण कोणास वाचवलंय ते आम्हांस कळूं दे की. कोणाच्या गळ्यात माळ घालूं?"

सगळ्या हसल्या. सार भिंतीला म्हणाले, "हातांचा आवाज चांगला येतो, पाप्पा. पायांचा येत नाही."

मी म्हणाले, "पाणी फार उडू नये म्हणून हळू मारते, सार."

"असं," ते म्हणाले.

हे दुसरं खोटं. तिसरं, फॉर्मचं धरलं तर.

२० मार्च, गुरुवार

जमलं. काय झालं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा करता येईल.

साईप्रियाला हनुवटीखाली धरलं, मान मागे टाकली, छताकडे बघत पाय मारले. पहिले चार-पाच मीटर जड. मग एकाएकी ती पिसासारखी हलकी झाली. खालून पाण्याला जोर लागावा तशा आम्ही सरकत गेलो. पंचवीस मीटर न थांबता. मागे इतकं पाणी उडालं, की गंगाबाईंनी मोगऱ्याची टोपली उचलून मांडीवर घेतली.

सार म्हणाले, "आज पाय ऐकू आले." मग म्हणाले, "पुष्कळ ऐकू आले."

साईप्रियाला चांगलाच दम लागला होता. काठ धरून मिनिटभर उभी होती, बोलता येईना. नुसतं पडून राहायचं तरी माणूस घाबरून दमतो, असं दिसतं.

महिन्याभरात आज पहिल्यांदा भूक लागली. अम्मानं तिसरी दोशी विचारली आणि मी हो म्हणाले. मग वाटलं, आकडा अजून तोच आहे. पण पाय आले, तर आकडाही येईल. शिबिरात कोणी मागचं काढणार नाही.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

२७ मार्च, गुरुवार

केसांतलं पाणी पानावर पडतं आहे. तरी लिहिते.

आज साईप्रिया उशिरा आली, बस चुकली होती. मला थांबवेना. गेल्या आठवड्याचं यश डोक्यात होतं. मी हरिणीला म्हणाले, "तू बुडशील?" ती खूश. लहान चण, वजन किती ते असणार. मी तिला खोल बाजूला नेलं, आठ फुटांत. कोणाला विचारलं नाही.

तिला धरलं आणि पाय मारले. आम्ही हललो नाही. मी आणखी जोरात मारले. ती हलकी झाली नाही. अकरा वर्षांची पोर, आणि साईप्रियापेक्षा जड. आधी माझं तोंड खाली गेलं, मग तिचं. तिनं डोळे उघडले आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. आम्ही खाली गेलो. वर पाहिलं तर पाण्यातून निळी खुर्ची वाकडी दिसली. आणि तिच्यात कोणी नव्हतं.

साईप्रियानं पिशवीसकट उडी मारली, असं मागून कळलं. तिनं आधी हरिणीला काढलं, मग मला. वर आले तेव्हा मणी सार काठावर गुडघ्यांवर होते, लांब बांबू हातात, तोंड आमच्याकडे. पोर खोकली, रडली, तेव्हा ते उठले, पाठमोरे झाले आणि बांबू घेऊन तसेच पंपघराच्या मागे गेले. खुर्चीवर परत बसले नाहीत.

बायका टॉवेल ओढून बसल्या होत्या. गंगाबाईंनी हरिणीला पदरात घेतलं, पोर ठीक आहे हे पाहिलं, आणि मग त्या भिंतीकडे बघून बोलल्या. "वळलांत. चार वर्षें म्हणून आम्ही बायका इथे विश्वासानं येतों. वळायचं नाही म्हणून होतं."

बांबू कशासाठी काढला, ते कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

मला त्या म्हणाल्या, "तूं रडूं नको ग. पोर घाबरून गळ्यास पडली, तूं काय करशील."

मी मान हलवली. मी मान हलवली, हे लिहून ठेवते.

२८ मार्च, शुक्रवार

सहा वाजता सातच जणी होत्या. सार नाहीत. वॉचमन म्हणाला, मालकांनी काही दिवस येऊ नका म्हणून सांगितलं. गंगाबाईंनी चार घरी जाऊन सांगितलं आहे, त्यातलं एक घर मालकांच्या बहिणीचं. उन्हाळ्याचा मुलींचा वर्गही आता बघू, असं झालं आहे. निळी खुर्ची भिंतीकडे तोंड करून रिकामी.

साईप्रियाला विचारलं, "वीस तारखेला तू पाय मारत होतीस का?"

ती केस पिळत होती. "कोणत्या वीस तारखेला?"

"साईप्रिया."

"थोडे," ती म्हणाली. "तुम्ही महिनाभरात हसला नव्हता. मला वाटलं एकदा होऊ दे. मग स्वतःचे येतील." मग हळूच म्हणाली, "हरिणीचं मला कुठे ठाऊक होतं, अक्का. माझंही चुकलंच."

ती स्वतःला दोष देते आहे. सार घरी बसले आहेत. हरिणी पाण्याला घाबरते आहे. एकटी मी अशी आहे, जिला सगळे "रडू नको" म्हणतात.

तिला आणखी काय काय ठाऊक आहे, ते विचारायचं धैर्य झालं नाही.

३० मार्च, रविवार

दुपारी अम्मा देवळात गेली. अप्पा खिडकीशी बसले होते, डोळे मिटून. आता उघडे काय नि मिटलेले काय. मी ही वही घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"अप्पा, वाचून दाखवूं?"

"काय आहे?"

"माझं आहे."

"वाच की."

पहिल्या पानापासून वाचलं. त्यांच्यापासून लपवायचं म्हणून लिहिलेलं वाक्यही वाचलं. "वय झालंय त्यांचं" तेही. मध्ये दोनदा थांबले, तर ते नुसतं "हं" म्हणाले, पाढे म्हणताना म्हणायचे तसं. परवापर्यंतचं वाचून वही मिटली.

अप्पांनी हात पुढे करून वहीची जाडी चाचपली. मग म्हणाले, "पायऱ्या बरोबर आहेत. एकही गाळली नाहीस."

मला रडू आलं.

"उत्तर लिहिलं नाहीस मात्र," ते म्हणाले. "आणि मजला वाचून काय उपयोग. मी तलावावर कुठे येतों."

"सगळ्यांच्या पुढे कसं सांगूं?"

"ओरडून सांगितलं होतंस की नाही? नऊ सेहेचाळीस म्हणून?"

"हो."

"मग तेवढ्याच आवाजात."

जाऊन त्यांना कॉफी करून आणली. पेला हातात घेऊन ते म्हणाले, "ते मजुरांचं. तूं येऊन सांगितलं नव्हतंस. मी वाट पाहिली पुष्कळ. मग वाटलं, सांगितलंस असं धरून चालूं."

२ एप्रिल, बुधवार

काल धीर झाला नाही. नुसतीच गेले आणि पोहून आले. तेही लिहायला हवं.

आज गेले ती मणी सारांच्या घरी, करंदट्टांगुडीला. साडेपाचला. ते दारात पाणी शिंपडत होते. समोरासमोर त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता; ते मला वाटले होते त्याहून तरुण आहेत.

"सार, तुम्ही चला. मला सांगायचंय ते तुम्ही असताना सांगायचंय."

"मला यायची परवानगी नाही, पाप्पा."

"दाराबाहेर उभे राहा. आवाज येईल."

सारांनी तांब्या खाली ठेवला. वेळांची वही पिशवीत घातली आणि सायकल काढली.

सहा वाजता नऊ जणी होत्या. गंगाबाईही होत्या, हरिणीला पाण्यात उतरवायला म्हणून आल्या होत्या आणि ती उतरत नव्हती. मी कपडे बदलले नाहीत. पिशवीतून पुल बॉय काढला, हातात धरला आणि काठावर उभी राहिले.

आवाज फाटला, पण मोठा होता. सतरा फेब्रुवारीला हा लावून पोहले, हे सांगितलं. पहिल्या वळणावर आठवलं होतं तेही. साईप्रियाची जागा माझी झाली ती अशी. वीस मार्चला मी कोणाला ओढलं नाही, तिनंच मला ओढलं. हरिणीला खोल बाजूला नेलं ते कोणाला न विचारता. ती गळ्याला पडली म्हणून बुडालो नाही, माझे पाय नाहीत म्हणून बुडालो. सार वळले ते माझ्यामुळे. इतकं सांगून संपलं. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल. घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती.

गंगाबाईंनी ओवायची सुई पानावर ठेवली. "म्हणजे तो माणूस वळला नसता तर?"

"साईप्रिया आली होती. पण ती आलीच नसती तर..."

"आणि परवा मी तुजला रडूं नको म्हटलं, तेव्हां तूं मान हलवलीस."

"हो."

"मेले. आणि मी चार घरीं सांगून बसलें." त्या माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांचा राग माझ्यावर पुरेना असं दिसत होतं, त्यातला बराचसा परत त्यांच्याकडे जात होता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझ्या बापास ठाऊक आहे?"

"वाचून दाखवलं."

"बरें केलंस." मग उठल्या, गुडघा धरत दारापर्यंत गेल्या आणि बाहेर बघून तमिळमध्ये म्हणाल्या, "बाहेर कां उभे, सार? आत या. खुर्ची तशीच आहे. मालकांशी मी बोलते." एवढं म्हणून झाल्यावर पुढे म्हणाल्या, "तोंड मात्र तिकडेच."

सार आले, नेहमीसारखे पाठ करून बसले. साईप्रिया त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. मी म्हणाले, "सार, वहीतला माझा आकडा खोडा."

त्यांनी वही खांद्यावरून मागे धरली, मला दिसेल अशी. सगळ्यांचे आकडे निळ्या पेननं. साईप्रियाचे नऊ अठ्ठावन्न पेननं. माझे नऊ सेहेचाळीस शिसपेन्सिलीनं, फिकट.

"फॉर्म?" मी विचारलं.

"पिशवीत आहे. नावाची जागा कोरी."

"तुम्ही तर पाठ करून होतात."

"पाठ होती, पाप्पा. कान भिंतीला दिले नव्हते. सोळा फेऱ्यांत एकदाही पाय वाजले नाहीत."

मला कुठे बघावं कळेना, म्हणून साईप्रियाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी तर शेजारच्या लेनमध्ये होते, अक्का. चष्मा लावून. इतका पिवळा आहे तो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दुकानात दिवसभर मीही सांगते, रंग जाणार नाही म्हणून." तिनं खांदे उडवले. "राग होता. पहिला आठवडा फार राग होता. मग तुम्ही शेवटच्या दहा मिनिटांत फळी घेऊन पाय मारताना दिसलात. बस चुकवून बघत होते."

म्हणजे दीड महिना मी जे पिशवीत गुंडाळून नेत होते, ते दोघांना ठाऊक होतं, आणि दोघं मला वाट करून देत होते. याची लाज खोट्याच्या लाजेपेक्षा मोठी आहे. ती कुठे ठेवायची मला कळत नाही. इथे ठेवते.

५ एप्रिल, शनिवार

साईप्रियाचा फॉर्म गेला. दुकानातून दहा दिवसांची सुट्टी मिळाली नाही, म्हणून तिनं दुकान सोडलं. मला हे सांगताना तिच्या तोंडावर भीती होती. शिबिरातून पास होऊन आली तर मुलींचा वर्ग तिचा. नाही आली तर काय, ते मी विचारलं नाही आणि तिनं काढलं नाही.

हरिणी अजून पायरीवरच बसते. मी रोज तिच्या शेजारी दहा मिनिटं बसते, पाय पाण्यात सोडून. ती बोलत नाही. आज तिनं एक पाय बुडवला आणि काढला.

१२ एप्रिल, शनिवार

पुल बॉय तलावाच्या कपाटात ठेवून दिला. हात मजबूत करायचे असतील तिनं घ्यावा. वस्तूचा काही दोष नाही.

आज सकाळी सारांना म्हणाले, "सार, चारशे पोहते. वेळ लिहायची असली तर लिहा."

"सुरू," ते भिंतीला म्हणाले.

सहाव्या फेरीला पाय जड झाले आणि खाली जाऊ लागले. दहाव्याला पोटरीत गोळा. थांबले नाही, पण पुष्कळ हळू झाले. बाराव्या फेरीला श्वास घेताना हरिणी दिसली, पायरीवर उभी, ओठ हलवत. फेऱ्या मोजत असावी. शेवटच्या दोन फेऱ्यांत माझ्या पायांनी मागे काय चालवलं होतं ते मला ठाऊक नाही. पोहणं दिसत नसणारच. भिंतीला हात लावला आणि घड्याळ पाहिलं.

"अकरा आठ," मी ओरडले.

कोणाच्याच आकड्याच्या वर नाही तो. "सगळं सरळ ना" या प्रश्नाची वाट बघत मी काठ धरून राहिले. सारांनी विचारलं नाही. खिशातून निळं पेन काढलं.

"ऐकलं," ते म्हणाले, आणि लिहू लागले.